सुनेचं ताट वेगळं मांडू नका

भाईंदर पश्चिमेच्या मुर्धे गावात एका घरी गेलो होतो. सून अंगणात साऱ्या घराची भांडी घासत होती. तिचं स्वतःचं ताट आणि पेला मात्र वेगळ्या फळीवर. सासूबाई म्हणाल्या, "साहेब, डॉक्टरांनी इसब सांगितलाय. घरात पोरंबाळं आहेत, म्हणून हिचं वेगळं ठेवलंय."

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. कोपराच्या घडीत माझी कातडी काळी, जाड झालेली आहे. "हाही इसबच. बारा वर्षं झाली. घरात दुसऱ्या कुणाला लागला नाही," असं म्हणून मी सुनेच्याच पेल्यातून पाणी प्यायलो.

नायटा एकाचा दुसऱ्याला लागतो, इसब लागत नाही. आपण दोन्हींची गल्लत करतो. मीही केली.

माझं दुखणं गाजरगवतानं दिलं. पुण्यात १९५५ च्या सुमारास हे तण नजरेस आलं आणि पुढं देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य काहींच्या कातडीला सोसत नाही. मी शेतकऱ्यांना ते उघड्या हातांनी उपटून दाखवत असे. मान, पापण्या, कोपर खाजू लागले. नायटा समजून दुकानातलं मलम लावलं. खाज थांबे आणि पुन्हा दुप्पट उठे. कातडीही पातळ झाली. त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदा विचारलं, "काम काय करता?"

प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. कुणाला साबण-सोडा बाधतो, कुणाला सिमेंट, कुणाला लहानपणापासूनच त्रास असतो. माझा इसब पुरता गेला नाही, पण ताब्यात आहे. कोमट पाण्यानं आंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच व्हॅसलीन, नखं कापलेली, अंगात सुती कपडे. मलम डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. गाजरगवत फुलण्याआधी, पावसानं जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून मुळासकट काढावं. ज्याला बाधतं त्यानं ते काम दुसऱ्यावर सोपवावं. ते जाळू नये.

परवा पुन्हा त्या घरी गेलो. सुनेचं ताट सर्वांच्या ताटांत होतं. भांडी अजून तीच घासत होती. सासूबाईंना म्हटलं, "आता आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे आणा, नाहीतर दोन दिवस तुम्ही घासा." त्या हसल्या आणि पदर खोचून नळापाशी बसल्या.