मे महिन्यातले नऊ पैसे

आमच्याकडे मनोऱ्यावरचं घड्याळ मे महिन्यात मागे पडतं. यात नवल काही नाही. लोखंड तापलं की वाढतं आणि लंबक लांबला की सावकाश हलतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण किती मागे पडतं, कधीपासून पडू लागतं आणि त्याला कुठे, कसा हात लावायचा, यात माझं निम्मं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना बंद केला. आता वर माझी शिकाऊ मुलगी जाते आणि मी खाली चौकात उभा राहून टोल ऐकतो. हातातलं काम सुटलं तरी डोक्यातलं सुटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

घड्याळ पूर्व विदर्भातल्या एका गावी आहे. गावाचं नाव देत नाही, कारण यंत्रात पितळ बरंच आहे आणि पितळेला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना हे कुणी सांगायला नको. या शहराची ओळखच पितळेची भांडी. आमच्या आळीत सकाळपासून ठोके चालू असत आणि मोडीचे ढीग दारात येऊन पडत. त्या ढिगांत मी घड्याळाची चाकं पाहिलेली आहेत.

लंबक दीड सेकंदाचा, म्हणजे टांगणीच्या पत्तीपासून जवळपास सव्वादोन मीटर. गज पोलादी, खाली साठेक किलोचा बिडाचा गोळा. एक अंश उष्णता वाढली की दिवसाला अर्धा सेकंद जातो. डिसेंबर-जानेवारीच्या मानाने पत्र्याखालची ती खोली मे महिन्यात सरासरी वीस अंशांनी जास्त तापते. गज वाढतो तो जेमतेम अर्धा मिलीमीटर. तेवढ्याने दिवसाला दहा सेकंद, आठवड्याला सत्तर आणि महिन्याला पाच मिनिटं घड्याळ मागे जातं.

गोळ्याखालचा नट फिरवून हे सुधारता येतं, आणि बरेच जण तेच करतात. मला ते कधी पटलं नाही. नट फिरवायचा तर लंबक धरावा लागतो, आणि एकदा धरलेला लंबक पुन्हा आपल्या कमानीत स्थिरावायला वेळ घेतो. शिवाय गंजलेल्या आट्यांवर नट किती फिरला याचा भरवसा नसतो. मी पैसे वापरतो. गजाच्या बरोबर मध्यावर एक छोटी थाळी पक्की केली आहे. तिच्यात राणी छापाचा तांब्याचा पाव आणा ठेवला, की गोळ्याच्या वर थोडं वजन आल्यामुळे लंबकाचं चालणारं अंतर आखडतं आणि घड्याळ पुढे जातं. पाव आण्याचं वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास. आमच्या गोळ्याला तेवढ्याने दिवसाला सेकंदाहून थोडा जास्त फरक पडतो. थाळी मध्यावरच का, तर तिथे एका पैशाचा परिणाम सगळ्यांत जास्त होतो, आणि थाळी बोटभर वरखाली झाली तरी तो बदलत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टरच्या घड्याळातही हीच रीत आहे. तिथे जुन्या पेन्या ठेवतात आणि एका पेनीने दिवसाला ०.४ सेकंद सुधारतो. त्यांचा लंबक आमच्यापेक्षा फार जड आहे.

तर थंडीत थाळी रिकामी, होळीपासून एकेक पैसा वाढवत मे महिन्यात नऊ. पावसाळ्यात चार. हे ऐकायला सोपं वाटतं. अडचण आहे ती मधल्या दिवसांची, आणि ती मला आजवर पुरती सुटलेली नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडतो, बाहेर हवा एकदम गार होते. लोक अंगणात येऊन बसतात. मनोऱ्याची भिंत मात्र दोन महिन्यांची तापलेली असते. बाहेरच्या हवेवर विश्वासून पाच पैसे काढले तर घड्याळ पुन्हा मागे पडतं, आणि भिंत निवेपर्यंत थांबावं तर तेवढ्यात ते पुढे धावू लागतं. मग ऊन पडतं, पत्रा तापतो, भिंत अर्धवट गरम, अर्धवट ओली. बरं, उष्णता मोजायची तरी कुठे? सव्वादोन मीटरचा गज, वरचं टोक पत्र्याजवळ, खालचं फरशीजवळ. दुपारी वर भट्टी असते आणि खाली त्या मानाने गारवा. भिंतीवर टांगलेला थर्मामीटर भिंतीचं सांगतो, गजाचं सांगत नाही. मी तळहात गजावर न टेकवता, अगदी जवळून, वरपासून खालपर्यंत फिरवत असे आणि मनाशी ठरवत असे, आज दोन, आज एकही नाही.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, चाकांचा जोर लंबकापर्यंत जास्त पोचतो आणि कमान रुंदावते. मध्यापासून दोन अंश जाणारा लंबक अडीच अंश जाऊ लागला, तर तेवढ्यानेच दिवसाला साडेतीन सेकंदांच्या वर मागे पडतो. म्हणजे उष्णता घड्याळाला दोन्हीकडून मागे ओढते. तिसरी गोष्ट उलटी. तापलेली हवा विरळ होते, गोळ्याला तिचा आधार कमी मिळतो, त्यामुळे लंबक किंचित जलद होतो. ही बाब दिवसाला सेकंदाच्या आतली, पण मी तीही हिशेबात धरत आलो. थंडीतला हिशेब उन्हाळ्यात जुळेना, तेव्हा कितीतरी रात्री मी ही तीन कारणं एकमेकांपासून सोडवत बसलो आहे.

तेलाच्या भानगडीला उत्तर कधीच मिळालेलं आहे. ज्या घड्याळात चाकांचा जोर थेट लंबकाला न लागता दोन छोट्या दांड्या उचलण्यात खर्च होतो आणि त्या दांड्या आपल्या वजनाने पडून लंबकाला ढकलतात, तिथे तेल घट्ट असो की पातळ, काट्यांवर वारा असो की कबुतरं, लंबकाला धक्का सारखाच बसतो. वेस्टमिन्स्टरच्या घड्याळासाठी ही रचना एडमंड बेकेट डेनिसन यांनी केली. ते पेशाने वकील होते. १८५९ साली ते घड्याळ सुरू झालं, आणि पुढे जगभर चांगल्या मनोऱ्यांवर हीच रचना गेली. आमच्या घड्याळात ती नाही. आमच्याकडे जुनी खुंट्यांच्या चाकाची रचना आहे, तिला प्रत्येक झुळूक कळते. एका वकिलाने आमच्या धंद्यातला एवढा मोठा प्रश्न सोडवला याचं तरुणपणी मला वाईट वाटायचं. आता त्यांच्याबद्दल नुसता आदर आहे.

मुंबईला गेलो की ओव्हल मैदानावर उभं राहून राजाबाई टॉवर पाहिल्याशिवाय मी परतत नाही. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, ते कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. पायाभरणी १८६९ची, काम पुरं झालं १८७८ला. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे आणि नाव त्यांच्या आईचं. २८० फूट उंचीचं ते काम पाहून छाती भरून येते. पण मी पाहतो ते वेगळ्या नजरेने. मुंबईत जानेवारी आणि मे यांच्या सरासरी उष्णतेत सहा-सात अंशांचा फरक. समुद्र त्यांचा लंबक सांभाळतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि पौषात पहाटे दहाच्या खाली उतरतो. मुंबईच्या कारागिरांचं कौशल्य मोठंच आहे, पण उन्हाळ्याचा प्रश्न त्यांना आमच्या तिसऱ्या हिश्श्यानेच भेटतो. मोठ्या घड्याळाची खरी परीक्षा विदर्भात होते, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

लाकडी गज हा जुना उपाय. लाकूड रेषेच्या दिशेने उष्णतेने फार थोडं वाढतं, पोलादाच्या निम्म्याहूनही कमी. आमच्या भागात सागवानाची काय कमतरता? सरळ रेषेचा, वर्षानुवर्षं वाळलेला साग निवडून, लाखेचं पॉलिश देऊन मी गज केला. मे महिना सुंदर गेला. थाळीत पैसे फार टाकावे लागले नाहीत. मग श्रावण आला. भंडारा धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा, आजूबाजूच्या मुलुखाचीही तीच तऱ्हा. श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. लाकूड ओल पितं आणि लांबीतही वाढतं, पॉलिशमधूनही. जे उन्हाळ्यात वाचलं ते पावसाळ्यात गेलं. लाकडाचा गज कोरड्या मुलुखाला ठीक, धानाच्या मुलुखाला नाही. तो गज अजून माझ्या घरी आहे.

आता माझी शिकाऊ मुलगी म्हणते, इन्व्हार घेऊ. निकेल आणि लोखंडाचा हा मिश्रधातू शार्ल एदुआर ग्योम यांनी १८९६ साली शोधला, त्याबद्दल १९२०चं नोबेल त्यांना मिळालं. उष्णतेने तो पोलादाच्या दहाव्या हिश्श्याइतका वाढतो. म्हणजे मे महिन्यातले दहा सेकंद एकावर येतील. ती मला विचारते, "काका, काहून एवढा जीव पैशांत अडकवता?" माझं उत्तर तयार असतं. इन्व्हार नाजूक असतो, त्याला ठोका बसला, वाकला, की त्याची लांबी पुढे बरेच दिवस सरकत राहते. मनोऱ्याच्या अरुंद जिन्यातून सव्वादोन मीटरचा गज न आपटता वर नेणं सोपं नाही. त्याची किंमतही आहे. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि तरी ती कारणं सांगताना माझा आवाज चढतो, तो त्या कारणांमुळे चढत नाही.

ते सांगूनच टाकतो. पैसे कधी टाकायचे, कधी काढायचे याचा तक्ता मी कधी कागदावर उतरवला नाही. मला तो उतरवायचा नव्हता. घड्याळ मागे पडलं की माणसं मला बोलवायला यायची, आणि ती यावीत असं मला वाटायचं. खिशात मोबाइल असताना एसटी स्टँडवरचा कंट्रोलर मान वर करून मनोऱ्याकडे पाहतो आणि मग शिट्टी वाजवतो, हे दिसलं की माझा सगळा दिवस गोड जायचा. हालत्या लंबकाच्या थाळीत पैसा ठेवायचा तो कमानीच्या टोकाला, जिथे लंबक क्षणभर थांबतो तिथे, हाताचा स्पर्श न कळू देता. हे करताना खोलीत कुणी पाहत असलं तर मला फार बरं वाटायचं. कुणी नसलं तरी मी कुणी असल्यासारखं करत असे.

त्या मुलीने एका हंगामात गजाच्या वर, मध्ये आणि खाली तीन छोटे मापक लावले, तासातासाच्या नोंदी घेतल्या, फोनवर आलेख काढला. मृगाच्या पावसानंतर भिंतीला निवायला किती दिवस लागतात ते त्यात स्वच्छ दिसतं. मी तळहाताने जे धरायचो ते आता कुणालाही वाचता येईल. या जूनमध्ये पैसे तिनेच काढले, माझ्याशी न बोलता, आणि घड्याळ बरोबर राहिलं. मी चौकात उभा होतो. आनंद झाला, पण आनंदाच्या आधी दुसरंच काहीतरी आलं, आणि ते जायला दुपार लागली.

इन्व्हारला माझा विरोध मी मागे घेतलेला नाही. गज बदलला की पैशांची थाळी जाईल, आणि थाळी गेली की वर जायचं कारण आठवड्याच्या किल्लीपुरतं उरेल. ज्या यंत्रापाशी माणूस ऋतू पाहून जात नाही, त्याच्या बुशा झिजलेल्या कुणाला कळत नाहीत. मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे, कुणीतरी येऊन ग्रीस थापून जातो, उन्हाळ्याची धूळ त्यात बसते आणि ते मिश्रण चाकांचे आस कानशीसारखं खात राहतं. ग्रीस थापणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

मोटार बसवणाऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते यंत्र बाजूला सारतात, चारही तबकड्यांकडे जाणाऱ्या दांड्या कापतात आणि प्रत्येक तबकडीमागे वेगळी मोटार बसवतात. वेळ अचूक येते, उपग्रहावरून येते, हे मी नाकारत नाही. माझ्या नऊ पैशांनी तेवढी अचूकता कधी येणार नाही. पण वीज गेली आणि बॅटरी संपली की चार तबकड्या चार वेळा दाखवू लागतात, आणि टोल असलाच तर भोंग्यातून येतो. दिवसाला १५६ ठोके हातोड्याने खऱ्या घंटेवर पडणं आणि भोंगा वाजणं यांत गावाला फरक कळतो. मोटार बसवायचीच असेल तर बसवा, पण दांड्या कापू नका, चाकं जागेवर राहू द्या.

विदर्भात कुठल्या जुन्या मनोऱ्यात, वाड्यात, बंद मिलच्या इमारतीत असं यंत्र पडून असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. ते मोडीत देऊ नका. जागा हवी म्हणून खाली उतरवावंच लागलं, तर लंबक यंत्रापासून वेगळा करून कुणाला देऊ नका. चाकांचे दाते मोजून गजाची लांबी पुन्हा काढता येते, गोळ्याचं वजन मात्र कशावरूनही काढता येत नाही.