शीर्षकातून गेलेलं लातूर

"शीर्षकातून लातूर काढा," असं संपादकांनी कळवलं होतं. त्या जागी 'भारतातील एक निमशुष्क बेसाल्टी प्रदेश' असं घालायचं, म्हणजे बाहेरचे वाचकही निबंध उघडतील. मी तासाभरात होकार पाठवला. इतकी वर्षं झाली, तरी तो होकार आठवला की जीव चडफडतो.

मी नांदेडला एम.एस्सी. केलं आणि आता लातूर जिल्ह्यात रसायनशास्त्र शिकवतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी मी औसा तालुक्यातल्या बोअरचं पाणी तपासायला घेतलं. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. शंकूपात्रातल्या पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी टाकला की ते लालसर होतं. मग ब्युरेटमधून थेंब थेंब ईडीटीए सोडायचं आणि निळा रंग यायची वाट बघायची. काही गावांचं पाणी इतकं जड, की ब्युरेट रिकामी होत आली तरी लाली हटेना. रविवारी प्रयोगशाळेत मी एकटाच असायचो.

हे सगळं लिहून काढलं आणि वर शीर्षक दिलं : 'लातूर जिल्ह्यातील भूजलाचा भौतिक-रासायनिक अभ्यास : विशेष संदर्भ औसा तालुका'. आमच्याकडे निम्म्या निबंधांची नावं अशीच असतात. प्रस्तावनेची सुरुवात 'पाणी म्हणजे जीवन', मग पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, मग सामू म्हणजे काय. दोन दिवसांत निबंध परत आला.

तो घेऊन नांदेडला आमच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी पेन्सिल हातात घेतली, दोन पानं वाचली आणि विचारलं, "तुमच्या निबंधाला पाणी कितव्या पानावर लागतं?"

मी पानं चाळली. "दुसऱ्याच्या शेवटी."

"म्हणजे दोन पानं कोरडाच दगड फोडलाय."

मग त्यांनी किल्लारीचं उदाहरण घेतलं. १९९३चा भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्या भागात ही वेळ कुणाला सांगावी लागत नाही. मॅडम म्हणाल्या, "दख्खनचं पठार स्थिर आहे असं मानत होते, नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. हे पहिलं पाऊल. तरीही तिथं हजारो माणसं गेली, मग आपल्या समजुतीत कुठंतरी खिंडार आहे. हे दुसरं. म्हणून आम्ही खालचा खडक तपासतो, हे तिसरं. प्रस्तावना एवढीच." पुढं कळलं, शैक्षणिक लेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९०मध्ये प्रस्तावनेची हीच तीन पावलं मांडली होती. पण मला ती किल्लारीवरून कळली, म्हणून पक्की बसली.

त्यांनी मला एक शीर्षकही दाखवलं. सीबर आणि सहकाऱ्यांचा १९९६चा निबंध, 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च'मधला. त्यात साल आहे, किल्लारी आहे, मध्य भारत आहे, बेसाल्टचे थर आहेत आणि शेवटी, हा नवा भ्रंश तर नव्हे, असा प्रश्न आहे. 'अभ्यास' हा शब्द नाही. अभ्यास केल्याशिवाय कोण निबंध लिहितो?

आणखी एक गोष्ट तिथंच लक्षात आली. या भूकंपावरच्या काही निबंधांच्या शीर्षकात २९ सप्टेंबर आहे, काहींत ३०. कुणी लातूर लिहितं, कुणी किल्लारी. २९ तारीख जागतिक वेळेची. आपल्याकडे तेव्हा ३० उजाडत होती. ज्यांची घरं पडली ते ३०च म्हणतात. शोधणाऱ्यानं एकच शब्द टाकला, तर निम्मं काम त्याला सापडणार नाही. विद्यार्थ्यांना मी म्हणून सांगतो, शीर्षकात एक नाव घेतलंत तर दुसरं सारांशात आणि सूचक शब्दांत घाला. आणि शीर्षक शेवटी ठरवा, निष्कर्ष हातात आल्यावर.

मी प्रस्तावना नव्यानं लिहिली. पहिल्याच वाक्यात औशाचं बोअर आलं. नव्या शीर्षकात काठिण्य, नायट्रेट, बेसाल्ट आणि लातूर, एवढंच ठेवलं. दुसऱ्या नियतकालिकानं निबंध घेतला आणि मग लातूर काढायला सांगणारा तो ईमेल आला.

संपादकांचं सगळंच चूक होतं असंही म्हणवत नाही. 'विशेष संदर्भ' लिहिणाऱ्यांवर मी स्वतः चिडायचो. तालुक्याचं नाव लिहिलं की विज्ञान होत नाही, असं वर्गात ठासून सांगायचो. निबंध बाहेर वाचलाही गेला, परराज्यातून पत्रं आली. पण गेल्या वर्षी औशाकडच्याच एका मुलीनं याच विषयावर काम सुरू केलं. 'लातूर, भूजल' असं शोधलं, तर माझा निबंध तिला सापडलाच नाही. माझ्याच बोअरवर ती पुन्हा बाटल्या भरत होती. मोठ्या शहरांची नावं शीर्षकात तशीच राहतात, त्यांना कुणी 'एक दमट किनारी प्रदेश' म्हणत नाही. आमचंच गाव का पुसायचं? आणि मी ते पुसू का दिलं? पदोन्नतीची फाईल अडली होती, हे खरं उत्तर आहे.

निबंध छापून आला त्या उन्हाळ्यात मी त्या गावांत परत गेलो होतो. एका मामांनी मला दोन्ही वेळा स्वतः बोअर चालू करून दिलं होतं, पहिलं पाणी जाऊ द्या म्हणून पाच मिनिटं मोटार चालवली होती, तीही वीज असेल त्या वेळेत. त्यांनी खाटेवर बसवून विचारलं, "सर, पेपरात आमच्या गावाचं नाव आलं का?"

त्यांना वर्तमानपत्र म्हणायचं होतं. मी "आलं" म्हणालो. तक्ता क्रमांक एकमध्ये, अकराव्या ओळीत ते होतं.