पोहोचलं नाही ते पत्र

१९८४च्या गॅदरिंगला आमच्या कॉलेजात ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवलं, तेही इंग्रजीतून. माझ्या वाट्याला फ्रायर जॉन आला. पाचव्या अंकात एक प्रवेश, सगळ्या मिळून तेराएक ओळी. ‘पत्र घेऊन निघायचं आणि न देता परत यायचं, एवढंच तुझं काम,’ सर म्हणाले. चार वर्षांनी मी पोस्टात चिकटलो. मित्रांना चेष्टेला तेवढं निमित्त पुरलं.

पत्र मीच तयार केलं होतं. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला, वर तांबड्या लाखेचा ठिपका. अंगावर मावशीची चॉकलेटी चादर, कमरेला सुतळी. ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं निजली आहे, हे रोमिओला कळवणारं ते पत्र. व्हेरोनाहून रोमिओ होता ते मँटुआ जेमतेम चाळीस किलोमीटर. पण जॉन सोबतीला दुसरा साधू शोधायला जातो, तो साधू आजाऱ्यांची विचारपूस करत फिरणारा. प्लेगच्या संशयानं तपासनीस दोघांना घरात कोंडून दाराला सील ठोकतात, आणि पत्र व्हेरोनाची वेसही ओलांडत नाही. हे ऐकून पत्र लिहिणारा फ्रायर लॉरेन्स थडगं उघडायला पहार मागतो. जॉन ‘आणतो’ म्हणून जातो. पुढं त्याचं काय झालं याची शेक्सपिअरला फिकीर नाही.

कॉलेजच्या माळ्याची खरी पहार मी विंगेत भिंतीला टेकवून ठेवली होती. रोमिओ थडग्यापाशी विषाची बाटली हातात घेऊन बोलत असताना ती दाणकन आडवी झाली. ज्युलिएट दचकून उठून बसली! नाटक तिथंच सुखान्त व्हायचं, पण तिनं मुकाट पुन्हा डोळे मिटले.

पोस्टात लागल्यावर हेच नाटक टपालवाल्याच्या नजरेनं वाचलं. त्यात कागद किती फिरतात! ज्युलिएटच्या बापाचा, कॅप्युलेटचा नोकर निरक्षर. मेजवानीच्या पाहुण्यांची यादी तो रस्त्यात भेटलेल्या रोमिओकडूनच वाचून घेतो, आणि तिथून सगळं सुरू होतं. ज्युलिएटच्या मामेभावाची, टिबल्टची आव्हानाची चिठ्ठी रोमिओच्या बापाच्या, माँटेग्यूच्या घरी बिनबोभाट पोहोचते. रोमिओनं बापाला लिहिलेलं पत्रसुद्धा वाचलं जातं, सगळं संपल्यावर, राजाच्या हातात. अडतं ते एकच. लोक नशिबाला बोल लावतात. मला ते पटत नाही. दोन घरांत वैर नसतं तर लग्न लपवावं लागलं नसतं, आणि जिवावरचा निरोप एकट्या अनवाणी साधूच्या हाती सोपवावा लागला नसता. खरं तर रोमिओच्या नोकराकरवी निरोप धाडत राहीन, असं लॉरेन्सनं आधी कबूल केलं होतं. तो नोकर बाल्थझर घोडा पिटाळत मँटुआला गेलाही, ज्युलिएट मेल्याची बातमी घेऊन. आणि एवढं सगळं ज्या वैरापायी, त्याचं कारण नाटकात कुठंच नाही. जुनं आहे, एवढंच.

माझ्या बीटवर अशी दोन घरं होती. तिथलं कारण मात्र माहीत होतं: सामाईक विहिरीचं पाणी. कोर्टाच्या नोटिसा रजिस्टरनं यायच्या, मी दोन्ही दारांत सही घेऊन द्यायचो. एकही चुकली नाही. १९९७ सालची गोष्ट, त्यातल्या एका घरातली मुलगी वाटेत थांबली. ‘काका, माझं पत्र आलं तर घरी टाकू नका. मी पोस्टात येऊन नेते.’ मग दर पंधरवड्याला एक निळं अंतर्देशीय यायला लागलं, पुण्याचा शिक्का असलेलं. अक्षर मी ओळखलं. दुसऱ्या घरी येणाऱ्या मनीऑर्डरीच्या फॉर्मवर तेच असायचं. मी काही बोललो नाही, तीही नाही.

दिवाळीनंतर ती यायची थांबली. मामाकडे पाठवली असं कुणी म्हणे, लग्न ठरलं असं कुणी. एक पत्र माझ्याकडे राहिलं. दारात जाऊन द्यावं तर ते भावाच्याच हातात पडणार. मुदत संपेपर्यंत रोज पिशवीत घालून नेलं आणि रोज परत आणलं. मग ‘अनक्लेम्ड’ असा शेरा मारून ज्यानं लिहिलं त्याला पुण्याला परत पाठवलं.