भाव विचाराल तर तारीखही विचारा

राजेहो, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण माल गाडीत भरायच्या आधी वाचा.

हिवरखेडात पत्रकाराला बातमीपेक्षा भाव जास्त विचारतात. "भाऊ, तूर आज कितीनं गेली?" "अकोटात हरभऱ्याले काय देऊन राह्यले?" हंगामात असे पंधरा-वीस फोन रोजचे. मी तेल्हारा, अकोट, अकोल्यातल्या ओळखीच्यांना विचारून सांगायचो. तोवर खेडा खरेदीवाला दारात काटा लावून उभा असायचा आणि तो सांगेल तोच बाजारभाव ठरायचा. म्हणून मी एक छोटं ॲप बनवलं. कोडची एक ओळ न लिहिता. आमच्या पत्रकारितेच्या डिप्लोमात कोडिंग नव्हतंच.

अशा साधनांना नो-कोड प्लॅटफॉर्म म्हणतात. ॲपशीट हे त्यातलं एक, २०२० मध्ये गूगलनं विकत घेतलेलं. रकाने ठरवायचे, बटणं जागेवर बसवायची, मोबाईलवर ॲप तयार. पण ॲप म्हणजे नुसती कोठी. त्यात धान्य बाहेरूनच आणावं लागतं. रोजचे भाव हातानं भरत बसलो तर मीच त्या ॲपचा मुनीम झालो असतो.

माहिती मात्र सरकारकडे आधीच आहे. बाजार समित्या रोजची आवक आणि भाव कळवतात, ते केंद्राच्या ॲगमार्कनेटवर जातात. तिथून डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर ते कोणालाही मिळतात. पोर्टलवर नाव नोंदवलं की एक चावी मिळते, तिला एपीआय की म्हणतात. ती लावून राज्य, जिल्हा, माल यांची गाळणी टाकली की हव्या तेवढ्याच ओळी येतात: बाजार, माल, वाण, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, सगळं क्विंटलमागे. नमुन्याची चावी एका वेळी दहाच ओळी देते, म्हणून आपली स्वतःची घ्यावी. मी या ओळी आधी एका शीटमध्ये आणतो आणि शीट ॲपला जोडतो. मी वापरतो त्या यादीत चालू दिवसाचेच भाव असतात, त्यामुळे मागचे भाव साठवायलाही शीट लागतेच.

जोडणी एका संध्याकाळी झाली. खरं काम त्यानंतर निघालं.

पहिलं काम नावांचं. सरकारी यादीत तूर ही 'अरहर' आहे आणि हरभरा 'बेंगाल ग्राम'. आपला माणूस 'तूर' टाकून शोधतो आणि ॲप म्हणते, नोंद नाही. म्हणून नावांचा वेगळा तक्ता करून दोन्ही भाषा एकमेकींना जोडल्या.

दुसरं तारखेचं. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. सेटिंग तिकडची असेल तर ५ नोव्हेंबर हा ११ मे होतो आणि दिवाळीचा भाव उन्हाळ्यात जाऊन बसतो. ही सेटिंग भारताची करून घ्यावी लागते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्या समितीनं आज भाव कळवलाच नाही, तर ॲप गप्प बसत नाही. ते आपलं जुनं दाखवत राहतं, त्याच रंगात, त्याच अक्षरात. शिळी भाकर वासावरून कळते, शिळा भाव कळत नाही. म्हणून माझ्या ॲपमध्ये भावाच्या डोक्यावर तारीख मोठी आहे. नोंद दोन दिवसांपेक्षा जुनी असली तर आकडा दिसतच नाही, 'ताजी नोंद नाही, समितीत फोन करा' एवढंच येतं. काही जण म्हणाले, "भाऊ, तुमचं ॲप तं रिकामंच दिसते." दिसू द्या. चुकीच्या आकड्यावर कोणाचे वीस क्विंटल जाण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक रकाना मी घातला, हमीभावाचा. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये हमीभाव जाहीर झाला. बाजाराच्या सर्वसाधारण दराशेजारी तो आकडा आणि दोन्हींतला फरक दिसतो. समजा क्विंटलमागे ८०० कमी दिसले, तर वीस क्विंटलला १६ हजार होतात. ॲप भाव वाढवत नाही, त्याच्या हातात ते नाही. पण दारातल्या काट्यासमोर "आज अकोल्यात एवढा आहे, हे पाहा" म्हणता येतं. दोन-चार ठिकाणी तेवढ्यावर बोली सरकली, हे मी स्वतः पाहिलं.

आता दुसरी बाजू. ॲपची बातमी फिरली तसा एक कार्यकर्ता आला. "अनुदानाची यादी हाय माह्यापाशी. तुमच्या ॲपले जोडून द्या. नाव टाकलं का पैसे आले का नाही ते दिसलं पाह्यजे." यादीत नावांसोबत मोबाईल नंबर होते, बँकेचे खाते क्रमांकही होते. मी नाही म्हटलं. बाजारभाव गावाचा, खाते क्रमांक माणसाचा. एकदा अशी यादी ॲपला जोडली की लिंक कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा नाही, आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणणारे फोन आपल्याकडे कमी येत नाहीत. माणसाची अशी डिजिटल माहिती जपण्यासाठी २०२३ मध्ये देशात कायदा झाला आहे.

आपल्यातली पोरं आता शाळेसाठी, दुकानासाठी, गटासाठी अशी ॲपं बनवतात. त्यांना एवढंच सांगतो. बाहेरचा डेटाबेस जोडताना प्लॅटफॉर्म पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड मागतो. तिथं मालकाचा पासवर्ड देऊ नका. फक्त वाचता येईल, काही पुसता किंवा बदलता येणार नाही, असं वेगळं खातं काढा. अख्खा तक्ता देऊ नका, लागतील तेवढेच रकाने द्या. कोठीतून पायलीभर दाणे हवेत तर पायलीभर द्या, किल्ल्यांचा जुडगा कशाला?

सरकार स्वतःही जोडण्या करतंच आहे. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी लागतो, म्हणजे सातबारा आणि आधार एकमेकांना जोडले गेले. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर चकरा शेतकऱ्याच्याच. आपली माहिती इतक्या झपाट्यानं जोडता येते, तर कारभाराची का नाही? पाणी कोणत्या भागात कोणत्या दिवशी, कोणतं काम कोणाला किती रकमेत दिलं, हे मागितलं की बहुतेकदा स्कॅन केलेला कागद मिळतो. त्या फोटोतले आकडे ॲपला थेट वाचता येत नाहीत. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. नोंदी संगणकावर आणून जाळ्यानं जोडाव्यात, हे त्याच्या कलम ४ मध्येच लिहिलं आहे. आपण मागणी करताना 'माहिती द्या' एवढंच लिहितो. यापुढे 'एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये द्या' हेही लिहा. मी माझ्या पुढच्या अर्जात लिहिणार आहे.

पहिली मागणी पाण्याच्या वेळापत्रकाची करायची की कामांच्या यादीची? तुम्हाला काय वाटतं ते खाली सांगा. आणि आज तूर विकायची असेल तर भाव पाहा, त्यावरची तारीख पाहा, मग काट्यावर चढवा.

#हिवरखेड #तेल्हारा #बाजारभाव