भिंतीआडची तार

विजेची तार तांब्याची घ्यावी कीं ॲल्युमिनियमची, हा प्रश्न मीं वर्गांतील फळ्यावर अनेकदां सोडविला आहे. परंतु स्वतःच्या घरीं मात्र तोच चुकविला.

सन २००३ मध्यें आमच्या जुन्या घरांतील तारा बदलावयाच्या होत्या. चांदी ही सर्वोत्तम वाहक, पण ती भिंतींत कोण घालणार? राहिलें तांबें आणि ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारें ६१ टक्के. तथापि त्याची घनता २.७ व तांब्याची ८.९६ असल्यामुळें, तारेचा छेद १.६ पट घेतला तरी वजन निम्म्यावर येतें. शेतांवरून मनोऱ्या-मनोऱ्यांनीं जाणाऱ्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात त्या याचसाठीं. हा हिशेब मला तोंडपाठ होता, आणि खिशांत पैसा बेताचा. वृद्ध वायरमनकाका म्हणाले, "मास्तर, तांबंच घाला, उरलेले पैसे सवडीनं द्या." त्यांस मीं घनता शिकविली!

मनोऱ्यावर जें शोभतें तें बटणाच्या स्क्रूखालीं टिकेलच असें नाहीं. ॲल्युमिनियमवर हवेनें लागलीच ऑक्साइडचा थर चढतो व तो वीज वाहूं देत नाहीं. शिवाय हा धातु मऊ. स्क्रूखालीं दबून सरकतो, तापतांना व निवतांना सांधा ढिला पडतो, आणि ढिला सांधा अधिकच तापतो. सन २००७ च्या पावसाळ्यांत एके पहांटे आईच्या उशाजवळच्या सॉकेटला पाण्याचा हीटर लावून मी प्रार्थनेस बसलों. थोड्याच वेळानें तिचा खोकला ऐकूं आला. तारेवरील पीव्हीसीचें आवरण साधारण ७० अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या उष्णतेसाठीं केलेलें असतें. तें वितळून जळत होतें. त्या धुरांत हायड्रोजन क्लोराइड असतें, आणि ती त्या धुरांत निजलेली होती. मुख्य बटण बंद करून तिला मीं ओसरीवर आणलें. देवाची दया, ती वांचली.

भिंतींतून २००३ सालीं काढलेल्या तारेचा एक तुकडा मजपाशीं आहे. वर सुताची वीण, खालीं रबर, आंत तांबें आणि तांब्यावर चक्क कल्हई! रबर पक्कें करण्यासाठीं त्यांत गंधक घालीत. तें तांब्यास खाई, म्हणून मध्यें कथलाचा पडदा. आपल्या पितळी भांड्यांस कल्हई करतात तोच न्याय. रबर आतां बोट लावतांच तडकतें; तांबें मात्र लवचिक आहे.

वायरमनकाकांनींच पुढें घरभर तांबें घातलें. दोन दिवस ते आमच्याकडेच जेवले. घनतेचा विषय त्यांनीं काढला नाहीं.