धनुष्कोडीची वाळू

काशीची गंगा रामेश्वरीं न्यावी व सेतूची वाळू प्रयागीं सोडावी, ही देवघेव आपल्या घराण्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. त्यामुळें हुडकेश्वराच्या काळ्या मातींत वाढलेल्या व वाळू म्हटली कीं कन्हानची जाडीभरडी रेतीच आठवणाऱ्या आम्हां नागपूरकरांनाही धनुष्कोडीचें नांव लहानपणापासून परिचयाचें असतें. गेल्या पौषांत मातोश्रींना घेऊन आम्ही तेथें गेलों.

रामेश्वरच्या बेटाचें आग्नेय टोंक म्हणजे वाळूची एक लांबलचक जीभ. डावीकडे पाल्कची सामुद्रधुनी, उजवीकडे मन्नारचें आखात. तेथील कोळी पहिलीला स्त्रीसमुद्र व दुसऱ्याला पुरुषसमुद्र म्हणतात. २०१७ सालीं पक्की सडक झाली. तत्पूर्वीं ओल्या वाळूंतून जीपगाडीनें जावें लागे.

एके काळीं येथें बंदर होतें. १९१४ पासून आगगाडी थेट धनुष्कोडीपर्यंत येई व उतारू आगबोटींतून सिंहलद्वीपांतील तलैमन्नारला जात. १९६४ सालच्या २२ डिसेंबरच्या रात्रीं वादळाची लाट आली. स्टेशनाजवळ आलेली गाडी शंभरावर उतारूंसह बुडाली. गांव पुन्हां वसविला गेला नाहीं. चर्चच्या व स्टेशनाच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. मातोश्री त्या भिंतींपाशीं बराच वेळ थांबल्या. त्या गाडींतही कोणी यात्रेकरू असतील, एवढेंच त्या म्हणाल्या.

मात्र आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें गोड्या पाण्याचें. दोन्ही बाजूंस समुद्र असून कोळ्यांच्या बायका वाळूंत उथळ खड्डा खणून पिण्याचें पाणी काढतात. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें व खाऱ्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगत राहतें. अधाशीपणानें खोल खणलें कीं खारें लागलेंच! हें पाणी सांठतें वाळूच्या टेंकड्यांत, आणि त्या टेंकड्यांना वाऱ्यांत धरून ठेवणारीं झाडें म्हणजे मर्यादवेल व एक टोंचरें गवत. त्या गवताला तामिळ लोक रावणाच्या मिशा म्हणतात. रामाच्या सेतूची राखण रावणाच्या मिशांनीं करावी, हें मोठें गमतीचें! पण हौशी मंडळी मोटारींतून उतरून याच टेंकड्या तुडवितात, वेल उपटतात. वेल गेली कीं वाळू उडाली, वाळू गेली कीं पाणी गेलें. मग त्या बायकांनीं घागर कोठें बुडवावी?

आमच्या बरोबरच्या एका गृहस्थांनीं टेंकडीची कोरडी, पांढरी वाळू पिशवीभर घेण्यास आरंभ केला. मातोश्री त्यांस म्हणाल्या, "अहो, गंगेला चिमूटभर पुरते." मग त्या स्वतः लाटेपर्यंत गेल्या आणि ओसरत्या पाण्याखालची वाळू मूठभर उचलून त्यांनीं पदरांत बांधली. ती अजून ओलसरच होती म्हणून धर्मशाळेंत रात्रभर कागदावर पसरून ठेवली. आतां माघांत प्रयागला निघायचें आहे. तोंवर ती देवघरांत गंगेच्या गडूशेजारीं आहे.