दहापैकी सात

आमच्या घरी भर मे महिन्यातही पंखा एक नंबरवर असतो. येणारे-जाणारे विचारतात, "काय हो सर, वीजबिल वाचवताय की काय?" मी हसून वेळ मारून नेतो. आज म्हटलं, खरं कारण एकदा लिहूनच टाकावं. त्यात विजेचा संबंध आहे, पण बिलाचा नाही.

२०२२ च्या श्रावणात हिला नागीण झाली. डाव्या कुशीत, पाठीच्या कण्यापासून पुढे छातीखालपर्यंत एका पट्ट्यात पुरळ उठलं. शेजारच्या मावशींनी गेरू लावायला सांगितला. वर हेही सांगितलं, की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस वाचत नाही. आम्ही दोघंही शिकलेले. तरी चार दिवस गेरू लावला, आणि रोज रात्री बॅटरी घेऊन मी तोंड कुठवर आलं ते बघत होतो!

पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, की त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि म्हातारपणी कधीतरी जागा होतो, असं त्यांनी समजावलं. तो एकाच बाजूच्या नसेची वाट धरून पुढे येतो, म्हणून वेढा पूर्ण होण्याची भीती उगाचच. भीती बाळगायची ती उशिराची. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. आमचे ते ७२ तास गेरू उगाळण्यात गेले होते.

महिन्याभरात खपल्या पडल्या, कातडी स्वच्छ झाली. दुखणं मात्र गेलं नाही. ब्लाउजचा काठ लागला तरी भाजल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा लागला तरी सुया टोचायच्या. "अहो, तेवढा पंखा बंद करा ना," ही म्हणायची. मी घामानं निथळत असायचो. बंद करायचो, पण कपाळाला आठी घालून.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. तिमाहीच्या सकाळी पोट दुखणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्या नोकरीत एक वाईट खोड लागते. समोरचा काय सांगतो त्यापेक्षा आपल्याला काय दिसतं, यावर आपण निकाल देतो. हिच्या कुशीवर मला काही दिसत नव्हतं. "अगं, जखम भरली आता. मन जरा दुसरीकडे लाव," असं मी एकदा बोलून गेलो. त्यानंतर ही दुखण्याबद्दल बोलेनाशी झाली. मला वाटलं, कमी झालं असावं.

चार-पाच महिने असे गेले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी हिला गुंगी यायची, चालताना तोल जायचा. शेवटी त्यांनीच दुखण्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. शहरातलं असं खास केंद्र मी पहिल्यांदाच पाहणार होतो. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटानं पाडला होता आणि नव्याचं काम चालू होतं. बावधनातून निघालेली आमची रिक्षा धक्के खात चालली होती. ही सबंध वाटभर एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने पदर अंगापासून लांब धरून बसली होती. पाच महिने एका घरात राहून मी ते त्या दिवशी प्रथम पाहिलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पनाच करता येणार नाही. आत्ता किती?"

ही क्षणभर थांबून म्हणाली, "सात. रात्री नऊ."

मी जन्मभर दुसऱ्यांना मार्क देत आलो. मनातल्या मनात मी हिला तीन देऊन ठेवले होते.

डॉक्टरांनी मग ड्रॉवरमधून एक डबी काढली. जुन्या ट्रान्झिस्टरपेक्षाही लहान. आत ९ व्होल्टची बॅटरी, बाहेर दोन वायरी, टोकांना चार चिकट पट्ट्या. या यंत्राला टेन्स म्हणतात. पट्ट्या दुखऱ्या कातडीवर लावायच्या नाहीत. तिच्या वर आणि खाली, चांगल्या कातडीवर लावायच्या आणि बटण हळूहळू फिरवायचं. झिणझिण्या जाणवल्या पाहिजेत, चटका नको. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

"विजेनं दुखणं कसं कमी होणार?" मी विचारलं. मास्तरच तो! ते म्हणाले, "काका, कोपर आपटलं तर तुम्ही काय करता?" चोळतो. "का चोळता?" याचं उत्तर मला सत्तरी उलटेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

त्याचं उत्तर १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं. स्पर्श जाड तंतूंवरून येतो, दुखणं बारीक तंतूंवरून. मज्जारज्जूत दोघांना एकाच फाटकातून पुढे मेंदूकडे जायचं असतं. मी ते माझ्या परीनं असं समजून घेतलं : शाळा सुटताना दहावीची आडदांड पोरं फाटकात गर्दी करून उभी राहिली, की पाचवीची पोरं मागेच अडकतात. चोळलं की स्पर्शाची आडदांड पोरं फाटकात येतात. डबीतली वीज हेच काम करते. या कल्पनेच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण फाटकाची गोष्ट टिकली. वॉल यांनी तर १९६७ मध्ये विल्यम स्वीट यांच्याबरोबर हा प्रयोग आधी स्वतःच्याच नसांवर करून पाहिला होता.

त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्मन शीली या शल्यविशारदांनी कर्करोगाच्या एका रुग्णाच्या थेट मज्जारज्जूवर विजेचा प्रवाह सोडून पाहिला. त्यातून पुढे शरीरात बसवायचं यंत्र आलं. मणक्याच्या पोकळीत बारीक तार सरकवायची, आणि पेसमेकरसारखी बॅटरी कमरेजवळ कातडीखाली ठेवायची. आधी काही दिवस बॅटरी बाहेरच ठेवून चाचणी घेतात. दुखणं निदान निम्म्यानं उतरलं, तरच कायमची बसवतात. आपल्याकडे मेंदूत आणि मणक्यात अशा तारा बसवण्याच्या कामात मुंबईच्या जसलोक रुग्णालयातले डॉ. परेश दोशी यांचं नाव घेतलं जातं.

परदेशातल्या मुलाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पैशाकडे बघू नका. आईला तार बसवून टाका." खर्च काही लाखांच्या घरातला होता. मी तर तयारच झालो. खरं सांगायचं तर पाच महिन्यांची चूक मला एका चेकनं फेडायची होती.

पण डॉक्टरांनीच घाई केली नाही. त्यांनी सरळ सांगितलं, की मणक्याच्या ऑपरेशननंतरही पाय दुखत राहिले, तर हे यंत्र पुष्कळदा वापरतात. मधुमेहामुळे पायांची आग होते तिच्यासाठीही अमेरिकेनं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. (आमच्या बावधनात मधुमेहाचं चेलाराम रुग्णालय आहे, त्यामुळे पायांच्या आगीची गोष्ट इथे बागेतल्या कट्ट्यावरही चालते.) नागिणीनंतरच्या दुखण्यात मात्र खात्री देता येत नाही. शिवाय कंबरदुखीवरचे सगळे अभ्यास तपासून २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेनं म्हटलं, की सहा महिन्यांनी या यंत्राचा फारसा फायदा उरलेला दिसत नाही, आणि जंतुसंसर्ग, तार सरकणं, पुन्हा ऑपरेशन हे धोके आहेतच. छोट्या डबीचंही तेच. कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका, असं ब्रिटनच्या नाईस या संस्थेनं २०१६ मध्येच सांगून ठेवलं आहे. "मग आम्हाला का देताय?" मी विचारलं. "कारण आजींना पंधरा दिवस वापरून बघता येईल. उपयोग झाला तर ठेवा, नाही झाला तर परत आणून द्या."

मला तो माणूस आवडला.

निर्णय हिनं घेतला. "तार आत्ता नको. डबी बघू."

पहिल्या संध्याकाळी पट्ट्या मी लावल्या. कुठे दुखतं आणि कुठे दुखत नाही याची सीमा हिनं बोटानं दाखवायची आणि मी पट्टी चिकटवायची. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, पण हिच्या दुखण्याचा नकाशा मी त्या दिवशी पाहिला. पाऊण तासानं विचारलं, "किती?" म्हणाली, "पाच असेल." डबी बंद केल्यावरही तासभर ते पाचावर राहिलं. त्या तासात हिनं जेवून घेतलं, आणि बऱ्याच दिवसांनी नीट जेवली.

चमत्कार झाला नाही, हे मुद्दाम सांगतो. काही दिवस डबीचा काडीचा उपयोग होत नाही. गोळीही चालू आहे, कमी मात्रेत आणि रात्रीच. शिवाय हे दुखणं पुष्कळांचं काळानंच हळूहळू उतरतं, तेव्हा श्रेय कुणाला किती, हे मी ठरवणार नाही. मार्क देण्याची घाई मी सोडून दिली आहे. आता आकडा बहुतेक तिनाच्या आसपास असतो. म्हणजे मी आधी दिला होता तोच, पण आता तो हिनं दिलेला आहे.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची आपली व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांमध्ये एक साधी गोष्ट आहे : कुणी 'मला दुखतंय' म्हटलं, तर त्या सांगण्याचा मान राखावा. आम्हाला बीएडला बालमानसशास्त्र होतं, पण हे एवढं कुणी शिकवलं नाही. तिमाहीला पोट दुखणाऱ्या त्या शेकडो मुलांतली काही खरंच कळवळत असतील. आता त्यांना कुठे शोधू?

माझ्या वयाच्या वाचकांना दोन गोष्टी. अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखं पुरळ उठलं तर गेरू उगाळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि २०२३ पासून नागिणीची नवी लस आपल्याकडे मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. महाग आहे, दोनदा घ्यावी लागते. आपल्या डॉक्टरांना विचारा.

असो. संध्याकाळचे सात वाजत आले. डबीची वेळ झाली. मी रोज विचारतो, ही आकडा सांगते, मी एका जुन्या वहीत तारखेपुढे लिहून ठेवतो. काल म्हणाली, "अहो, दोन लिहा. आणि पंखा दोनवर करा, तुम्हाला उकडतंय."

मी दोन लिहिले. पंखा एकवरच ठेवला.